जुन्या मापाची गोळी

दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस आमच्या घरी माळा उतरविण्याचा सोहळा असतो. आम्ही बेलापूरचे, प्रवरेच्या काठचे लोक. इथल्या जुन्या घरांचे माळे म्हणजे त्या त्या घराण्याची दप्तरेच म्हणावीत. फुटके कंदील, कानतुटकी घंगाळी, वाळवीने अर्ध्यावर आणून ठेवलेल्या पोथ्या आणि पाळण्याची खेळणी एकावर एक रचलेली असतात. आणि वर्षातून एकदा ती खाली येऊन, चिंचेने घासली जाऊन, पुन्हा वर जातात.

गतवर्षी या उतरवणीत माझ्या आजीची एक पितळेची डबी हाती लागली. सुपारीएवढी, झाकणावर झिजलेला मोर. माझ्या मुलीने ती फ्रॉकला पुसली आणि विचारले, "बाबा, ही कुंकवाची का हो?" मी झाकण उघडून पाहिले. तळाशी, सांध्यात, मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढे काही काळे चिकटून वाळून गेले होते. मी झाकण लावले आणि म्हणालो, "होय, कुंकवाचीच."

शाळामास्तराने खोटे बोलू नये; तरी बोललो. ती डबी बाळागोळीची होती.

आता दिवाळी अंकात, चकलीच्या ताटाशेजारी बसून वाचायच्या पानांत, अफूचा आणि मरणाचा विषय काढावा की नाही याचा मी पुष्कळ विचार केला. परंतु माझी आजी दर भाऊबीजेला पाटावर कोणाला बसवीत नसे. अंगणात जाऊन ती चंद्राला ओवाळी, कारण तिला भाऊ नव्हता. एक होता, तो या डबीने नेला. तेव्हा या विषयाचे आणि या सणाचे नाते मी नव्याने जोडतो आहे असे नव्हे. ते आमच्या अंगणात पूर्वीपासूनच होते.

*

बाळागोळी हा शब्द आजच्या तरुण वाचकांस कदाचित माहीतही नसेल. जोंधळ्याच्या दाण्याहून लहान अशी ती काळी गोळी असे. तिच्यात अफू असे आणि बरोबर जायफळासारखा एखादा मसाला. ती आईच्या दुधात किंवा पाण्यात उगाळून तान्ह्या मुलाला चाटवीत. मूल रडत नसे, जागे होत नसे आणि भूकही मागत नसे. खेडोपाडी ती होतीच. पण तिचा खरा संसार थाटला गेला तो मुंबईच्या गिरणगावात.

नगर, पुणे, सातारा, रत्नागिरी या जिल्ह्यांतील माणसे मुंबईच्या गिरण्यांनी ओढून नेली. आमच्या भागाला दौंड-मनमाड रेल्वे १८७८ साली आली आणि बेलापूर या नावाचे स्टेशन झाले. त्या स्टेशनाभोवती पुढे श्रीरामपूर शहर वाढले. स्टेशनाच्या पाटीवर मात्र अजून आमच्याच गावाचे नाव आहे. त्या पाटीखाली उभे राहून दुष्काळाच्या वर्षी किती कुटुंबांनी मागे वळून पाहिले असेल, याची गणती कोणी ठेवलेली नाही. माझी पणजी, म्हणजे आजीची आई, त्यांतलीच एक. परळच्या एका चाळीत तिचे बिऱ्हाड होते आणि ती गिरणीत जात असे.

तान्हे मूल घरी ठेवून दिवसभर यंत्रापुढे उभे राहायचे असेल तर मुलाचे करायचे काय? पाळणाघरे बहुतेक गिरण्यांत नव्हती. बाळंतपणाची पगारी रजा नव्हती. नारायण मल्हार जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती विधिमंडळात तसे विधेयक आणले, ते नामंजूर झाले. मुंबई इलाख्याचा प्रसूतिभत्त्याचा कायदा यायला १९२९ साल उजाडले. तोवर आईच्या मदतीला होती ती ही पितळेची डबी. सरकारच्या सांगण्यावरून डॉ. बार्न्स या बाईंनी गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या स्थितीची पाहणी केली व १९२२ साली अहवाल दिला. त्या स्त्रियांच्या १०० मुलांपैकी ९८ मुलांना अफू दिली जाते, असे त्यांनी नमूद केले. शंभरांत अठ्ठ्याण्णव! वाचकहो, ज्या वस्तीत शंभरांतल्या अठ्ठ्याण्णव आया एकच गोष्ट करतात, तेथे आयांना दोष देण्यात अर्थ नसतो. इंग्लंडातही तसेच घडले होते. लँकेशायरच्या गिरणीकामगार बायका मुलांना 'गॉडफ्रीज कॉर्डियल' नावाचे अफूचे सरबत पाजीत. गिरणी जेथे गेली तेथे बाळागोळी मागोमाग गेली, नाव काय ते बदलले.

आता आजीच्या भावाची हकीकत. आजी तेव्हा पाच-सहा वर्षांची होती. पण ती हकीकत तिने मरेपर्यंत एकाच शब्दांत सांगितली. मूल सात महिन्यांचे होते. त्याला रोज सकाळी एक गोळी मिळे आणि ती त्याला मानवली होती, असे सगळे म्हणत. मग बेलापुरास कोणाचे तरी दिवसकार्य निघाले आणि पणजी मुलांना घेऊन गावी आली. गावी आजी, मावश्या, कडेवर घ्यायला दहा हात. गोळीचे काम काय? तीन आठवडे मूल गोळीवाचून राहिले. आधी पुष्कळ रडले, मग खेळू लागले, अंगाने भरले. पणजीला फार आनंद झाला. मग ती परळला परतली, दुसऱ्या दिवशी भोंगा झाला, आणि तिने डबी उघडून रोजची एक गोळी उगाळून त्याला चाटविली. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा मूल निजलेलेच होते.

"गोळी तीच होती गं," असे पणजी म्हणे. "दाणाभरही जास्त नव्हती." गावाने दृष्ट लागली असे ठरविले. मूल अंगाने भरले होते, सगळ्यांनी कौतुक केले होते, म्हणजे दृष्टच.

*

अफू खाणारा केव्हा मरेल, हा प्रश्न प्रथम गांभीर्याने कोणी विचारला असेल? वाचकांस वाटेल, वैद्याने किंवा धर्मोपदेशकाने. तसे नाही. तो विचारला विमेकऱ्याने! कारण त्या मरणात त्याचे पैसे अडकलेले होते.

स्कॉटलंडात मार नावाच्या सरदार घराण्याचा अर्ल १८२८ साली वारला. त्याच्या आयुष्याचा विमा उतरविलेला होता. मागून विमा कंपनीला कळले की हे गृहस्थ कित्येक वर्षे अफूचा अर्क रिचवीत असत. "ही गोष्ट आमच्यापासून लपविली," असे म्हणून कंपनीने पैसे नाकारले. खटला झाला. एडिंबरोचे विषवैद्यकाचे नामांकित प्राध्यापक रॉबर्ट क्रिस्टिसन यांना साक्षीस बोलाविले. अफूने आयुष्य घटते का, असा सरळ प्रश्न त्यांना होता. त्यांनी शोध घेऊन पाहिला तो वर्षानुवर्षे अफू खाऊन म्हातारे झालेले लोक त्यांना आढळले! निकाल कंपनीच्या विरुद्ध गेला. विमेकऱ्यांनी मात्र धडा घेतला. किती खातो आणि केव्हापासून खातो, हे अर्जदाराला विचारावे.

पुढे हाच प्रश्न मुंबईत आला. मुंबई आणि अफू यांचे नाते सांगायला एक स्वतंत्र लेख हवा. माळव्याच्या अफूच्या पेट्या मुंबई बंदरातून चीनला जात, आणि त्या व्यापारात जे लक्षाधीश झाले त्यांच्या उदार हातांनी शहरात शाळा, धर्मशाळा, इस्पितळे उभी राहिली. १८४५ साली सुरू झालेल्या जे. जे. रुग्णालयाला ज्यांचे नाव आहे त्या सर जमशेटजी जीजीभाईंच्या संपत्तीत कापसाबरोबर चीनच्या अफूचाही वाटा होता. एकाच मालाने दुखणे आणि दवाखाना दोन्ही दिले, हे मुंबईच्या इतिहासातले एक विचित्र पान आहे.

इंग्लंडातील धर्मभीरू मंडळींनी या व्यापाराविरुद्ध ओरड केली, तेव्हा १८९३ साली शाही अफू आयोग नेमण्यात आला. लॉर्ड ब्रॅसी अध्यक्ष होते. दरभंग्याचे महाराज लक्ष्मेश्वरसिंह आणि जुनागडचे माजी दिवाण हरिदास विहारीदास देसाई हे दोन हिंदी सभासद होते. आयोगाने सातशेहून अधिक साक्षीदार तपासले. त्याच्यापुढे विम्याचाही पुरावा आला. १८७४ साली मुंबईत स्थापन झालेली ओरिएंटल विमा कंपनी बेताने अफू घेणाऱ्याकडून जादा हप्ता घेत नाही, असे त्यातून निघाले. आयोगाच्या बहुमताला हा पुरावा फार सोयीचा वाटला असल्यास नवल नाही. १८९५ साली अहवाल निघाला, आणि बेताने घेतलेली अफू या देशात फारसे नुकसान करीत नाही असे त्यात ठरले. हेन्री विल्सन नावाच्या एकाच सभासदाने विरोधी मत नोंदविले.

या सगळ्या पसाऱ्यात मला एका गोष्टीचे आश्चर्य वाटते. किती खातो, केव्हापासून खातो, कोणत्या जातीचा, कोणत्या हवेचा, गोळी खातो की चिलीम ओढतो, हे सर्व विचारले गेले. पणजीच्या गोष्टीतला खरा प्रश्न मात्र हिशेबात आला नाही: मध्ये किती दिवस सुटली होती? नित्य खाणारा वर्षानुवर्षे टिकतो, हे क्रिस्टिसनलाही दिसले आणि ओरिएंटल कंपनीलाही. परंतु खंड पडल्यानंतर पुन्हा तोच माणूस, तीच गोळी, याचे काय होते, हा रकाना कोणाच्याही अर्जात नव्हता.

*

राज्य बदलले, कायदेही बदलत गेले. १८७८ च्या कायद्याने सरकारी परवान्याची दुकाने चालत. १९४९ साली अखिल भारतीय अफू परिषदेत ठरले की, दरवर्षी एक दशांश कपात करीत करीत १९५९ च्या मार्चअखेर औषधाखेरीज अफू खाणे बंद करावे. जुन्या खाणाऱ्यांची नोंद व्हावी आणि त्यांना वैद्यकीय परवान्यावर माफक अफू मिळावी. त्याच वर्षी मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा आला, त्यातही अफूची तजवीज होती. या ठरावात मला एक शहाणपण दिसते. ज्याचे शरीर वीस वर्षे एका वस्तूवर उभे आहे त्याच्या पायाखालून ती एका रात्रीत काढू नये, एवढे तरी त्यांना उमगले होते.

पण अफूची पुढची पिढी फारच द्वाड निघाली. अफूपासून मॉर्फिन, आणि मॉर्फिनपासून १८७४ साली लंडनच्या एका रसायनशास्त्रज्ञाने तयार केलेले द्रव्य. जर्मनीच्या बायर कंपनीने १८९८ साली तेच हेरॉइन या नावाने खोकल्याचे औषध म्हणून बाजारात आणले. त्याची अशुद्ध, तपकिरी पूड १९८० नंतरच्या दशकात मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांत शिरली. तिला लोक ब्राऊन शुगर म्हणत. मराठीने तिला 'गर्द' म्हटले. १९८५ साली अमली पदार्थांचा कडक कायदा झाला, तोवर गर्द घराघरांत पोचली होती.

त्या काळी अनिल अवचटांनी गर्दवर लेख लिहिले, पुढे त्यांचे पुस्तक झाले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाल्या. पुलंच्या प्रतिष्ठानाने एक लाख रुपये दिले, आणि अवचटांच्या पत्नी, मनोविकारतज्ज्ञ डॉ. सुनंदा ऊर्फ अनिता अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू केले. ज्या मुलांना घराने, पोलिसांनी आणि समाजाने चोर ठरविले होते त्यांना 'आजारी' हा शब्द तेथे मिळाला. माणूस केंद्रातून घरी गेला म्हणजे काम संपले असे न मानता त्याच्या मागे राहायचे, ठिकठिकाणी त्याला पुन्हा पुन्हा भेटायचे, ही रीत त्या संस्थेने घालून दिली. तिचे मोल मला फार उशिरा कळले. कसे, ते आता सांगतो. आणि हाच या लेखाचा अवघड भाग आहे.

*

माझा एक विद्यार्थी होता. नाव सांगत नाही. गणितात त्याचा हात धरणारा वर्गात कोणी नव्हता. मी फळ्यावर उदाहरण लिहीपर्यंत त्याचे उत्तर तयार असे, आणि ते तो शेजाऱ्याच्या कानात सांगून त्याला पुढे करी. शिकून तो मोठ्या शहरात नोकरीला लागला, आणि काही वर्षांनी गावात कुजबुज झाली की पोरगा पुडीच्या नादी लागला. बापाने एकरभर ऊस मोडून, कर्ज काढून त्याला एका केंद्रात ठेवले. तीन महिने तो तेथे राहिला आणि दिवाळीला घरी आला.

वाचकहो, त्या दिवाळीचा आनंद मी वर्णन करू शकत नाही. त्याचे गाल भरले होते, डोळे स्वच्छ झाले होते. शाळेत मी स्वतः त्याला हार घातला आणि मुलांपुढे म्हणालो, "संकट टळले. हा आता धोक्याच्या बाहेर आहे." त्याच्या धाकट्या बहिणीने, तीही माझीच विद्यार्थिनी, भाऊबीजेला त्याला ओवाळले. त्यानंतर सोळाव्या दिवशी तो शहरात जुन्या खोलीतले सामान आणायला गेला. वाटेत एका लॉजवर राहिला, एकटाच. सकाळी दार उघडले नाही.

गावाने दोन तर्क केले. एक, त्याने जीव दिला. दुसरा, तीन महिन्यांची उपासमार भरून काढायला त्याने अधाशासारखी घेतली. मलाही तसेच वाटले, आणि मला त्याचा राग आला. माझा हार वाया गेला असे मला वाटले, हे आज सांगताना लाज वाटते. पुढे ज्या डॉक्टरांनी तपासणी केली होती त्यांची एकदा गाठ पडली. मी माझा राग बोलून दाखविला. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मास्तर, त्याने जास्त घेतली नव्हती. नेहमीची घेतली होती."

मी एस.टी.त बसलो आणि कोल्हारपर्यंत येईतो मला पणजीचे शब्द आठवत राहिले. गोळी तीच होती गं. दाणाभरही जास्त नव्हती.

*

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. मी डॉक्टर नव्हे. पण मास्तराला कठीण गोष्ट सोपी करून सांगायची खोड असते, तेवढ्या बळावर सांगतो.

अफू काय, गर्द काय, किंवा दुखण्यावरच्या त्या जातीच्या गोळ्या काय, त्या सर्वांचे एक काम असते: मेंदूतल्या श्वासोच्छ्वासाच्या केंद्राला झोप आणणे. रोज घेणाऱ्याचे केंद्र हळूहळू त्या झोपेशी झुंजायला शिकते. म्हणून त्याला मात्रा वाढवावी लागते, आणि नवख्याला मारील एवढी तो पचवितो. पण ही शिकलेली विद्या फार कच्ची असते. सराव सुटला की काही दिवसांत, काही आठवड्यांत, शरीर ती विसरून जाते. मन मात्र विसरत नाही! मनाला जुने माप पाठ असते. शरीर नवखे झालेले आणि मन जुनेच राहिलेले, या दोघांच्या मधल्या दरीत माणूस पडतो.

लंडनच्या डॉ. जॉन स्ट्रँग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. रुग्णालयात व्यसन सोडविण्यासाठी दाखल झालेल्या १३७ जणांचे पुढे काय झाले ते त्यांनी पाहिले. त्यांतले तिघे अतिमात्रेने मेले, चार महिन्यांच्या आत. ते तिघे कोण होते? अर्धवट उपचार टाकून पळालेले नव्हते. उपचार नीट पुरे करून, शरीर कोरे करून गेलेले होते. आकडा लहान आहे, पण त्याने वैद्यांची झोप उडविली. जो सर्वांत गुणी विद्यार्थी तोच सर्वांत धोक्यात! तुरुंगातून सुटलेल्यांचे हिशेब अनेक देशांत झाले, तेही तेच बोलतात. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अमली पदार्थांनी मरण्याचा धोका, तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांच्या मानाने, तिपटीपासून आठपटीपर्यंत असतो.

जागेचाही यात हात असतो. कॅनडातील शेपर्ड सीगल यांनी १९८२ साली उंदरांवर प्रयोग केला. हेरॉइनला सरावलेल्या उंदरांना एक मोठी मात्रा नेहमीच्या जागी दिली, तेव्हा १०० त ३२ मेले. तीच मात्रा अनोळखी जागी दिली, तेव्हा ६४ मेले. शरीर म्हणे ओळखीच्या भिंती पाहून आधीच सावध होते. हे वाचले तेव्हा मला ती लॉजची खोली आठवली आणि पुस्तक मिटून ठेवावे लागले.

मग ज्याच्यावर उपचार झाले त्याचा धोका आधी सांगता येईल का? बऱ्याच अंशी येतो, आणि त्यासाठी ज्योतिषी लागत नाही. खंड किती दिवसांचा पडला? पूर्वी कधी अतिमात्रा होऊन वाचला आहे काय? बरोबर दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेतो काय? सुईने घेतो काय? फुप्फुस, यकृत ठीक आहे ना? एकटा राहतो काय? उपचार चालू आहेत की नुकतेच थांबले? शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा. न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल व मेरी निस्वान्डर यांनी १९६० नंतरच्या दशकात मेथॅडोन हे औषध रोज ठरल्या मापाने देण्याची पद्धत घातली. पुढे ब्युप्रेनॉर्फिन आले, आणि ते आपल्या देशातही दिले जाते. अनेक देशांतील नोंदी एकत्र करून २०१७ साली पाहिले, तेव्हा मेथॅडोन घेत असताना वर्षाला दर हजारी ११.३ मरण पावत, आणि औषध सुटल्यावर ३६.१. औषध सुरू करतानाचे पहिले चार आठवडे जपावे लागतात हे खरे. पण ते अवेळी तोडणे हे त्याहून जोखमीचे. "किती दिवस औषधावर राहणार?" असे टोमणे मारणाऱ्या नातलगांनी हे दोन आकडे लक्षात ठेवावेत.

अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी तर संगणकाला हे काम लावले आहे. लक्षावधी रुग्णांच्या नोंदींवरून, अफूच्या जातीची औषधे घेणाऱ्यांत कोणाला अतिमात्रेचा किंवा आत्महत्येचा धोका अधिक, याचा अंदाज ते यंत्र बांधते. पुढे त्यांनी ताडून पाहिले. यंत्राने धोक्यात दाखविलेल्या ज्या रुग्णांचे कागद पुन्हा तपासणे बंधनकारक केले, त्यांच्यात पुढील चार महिन्यांतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे २२ टक्क्यांनी कमी आढळले. मला यात यंत्राहून दुसऱ्याच गोष्टीचे मोल वाटते. आकडा आला म्हणून माणूस वाचला नाही. आकडा पाहून कोणीतरी त्याची फाईल उघडली, त्याची विचारपूस केली, म्हणून वाचला. विमेकऱ्याचा आकडा आणि हा आकडा यांत हाच फरक आहे. त्याने पैसे वाचवायला भविष्य पाहिले, यांनी माणूस वाचवायला.

*

आपल्याकडे हा विषय परका नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. १० ते ७५ वर्षे वयाच्या सुमारे २ कोटी २६ लाख लोकांनी अफूच्या जातीचे पदार्थ वर्षभरात घेतले होते, आणि सुमारे ७७ लाखांना त्याचा त्रास मदत लागावी एवढा होता. यांतला एखादा यंदाच्या दिवाळीला बरा होऊन आपल्या घरी येत असेल. त्याला ओवाळावे, करंजी द्यावी, हार घालावा. माझ्यासारखे "धोका टळला" असे मात्र म्हणू नये. उलट त्याला जवळ बसवून, न रागावता, स्पष्ट सांगावे: "बाबा रे, तू पुन्हा घेऊ नयेस अशी आमची इच्छा आहे. पण कधी पाय घसरलाच, तर तुझे जुने माप आता तुला मारील. एकटा राहू नकोस, आम्हाला हाक मार." असे सांगितल्याने पाय घसरतो ही समजूत खोटी आहे. विहिरीवर कठडा बांधल्याने कोणी आत पडत नाही.

आणि कधी तो उठतच नाही, घोरण्यासारखा घर्घर आवाज येतो, श्वास अगदी मंद आहे, ओठ निळसर आहेत, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आहेत असे दिसले, तर "झोपू द्या, उतरेल" असे म्हणू नये. १०८ क्रमांकाला बोलवावे, श्वास बंद पडत असल्यास तोंडाने श्वास द्यावा, श्वास चालू असेल तर कुशीवर वळवावे, आणि जवळून हलू नये. या विषावर नॅलोक्सोन नावाचा उतारा आहे. त्याचे पेटंट १९६१ सालचे, आणि वेळेवर टोचले तर बुडणारा श्वास ते काही मिनिटांत परत आणते. पण वेळेवर म्हणजे कोणीतरी शेजारी असताना.

परळच्या त्या खोलीत माझ्या पणजीजवळ हे सांगणारे कोणी नव्हते. तिला सांगायला हवे होते ते एकच वाक्य होते: तीन आठवडे सुटली आहे, आता ती गोळी देऊ नकोस. माझ्या विद्यार्थ्यालाही तेवढेच वाक्य हवे होते. शंभर वर्षांत आयोग बसले, कायदे झाले, ग्रंथ लिहिले गेले. वाक्य कोणीतरी जवळच्या माणसानेच सांगायचे राहिले होते, आणि तो जवळचा माणूस मी होतो.

यंदा माळा उतरविला तेव्हा डबी पुन्हा खाली आली. मी मुलीला बोलावले आणि म्हटले, "ही कुंकवाची नव्हे." मग तिला सर्व सांगितले. ती आठवीत आहे, तिला कळते. तिने पुष्कळ वेळ डबी हातात धरली आणि विचारले, "आपल्या गल्लीतली ताई भाऊबीजेला गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळते, ती त्याचीच बहीण ना?"

मी म्हटले, "होय." या वेळी खोटे बोललो नाही.